जाळीचा उतार

अच्युत खिरवडकर खुर्चीत नीट बसलेला मी तीस वर्षांत फार वेळा पाहिला नाही. रायपूरला भनपुरीच्या आमच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या खोलीत त्याचं टेबल आहे आणि टेबलाला चांगली खुर्चीही आहे. पण तो असतो दाराशी, खिडकीशी, नाहीतर खाली शेडमध्ये वेल्डरच्या डोक्यावर. चहाचा कप हातात घेऊन तो निघतो आणि तो कप कुठल्या तरी लोखंडी पत्र्यावर थंड होत राहतो. शिपाई संध्याकाळी ते कप गोळा करत फिरतो. पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेलो की त्याची बायको रमा माझ्याकडे हीच तक्रार करते. "भाऊजी, जेवायले बसले तरी एक पाय दाराकडे. मी म्हणते, भट्टी काय तुमच्या मागं धावून राहिली का?"

आमचा कारखाना तांदळाच्या गिरण्यांसाठी बॉयलर बनवतो. उसना म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर धान आधी भिजवावं लागतं, मग वाफेवर शिजवावं लागतं, आणि ती वाफ बॉयलरमधून येते. जळण म्हणून धानाचंच तूस वापरतात; इथे त्याला सगळे भूसा म्हणतात. मी बी.कॉम. होऊन इथे चिकटलो, तो पत्रव्यवहार, दाखले, ड्रॉइंगची नोंदवही आणि माल रवाना करणं या कामांत आयुष्य गेलं. येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. बॉयलरचं शास्त्र मला येत नाही. जे येतं ते अच्युतने शिकवलं म्हणून येतं.

तो इथे आला तो बावीस वर्षांचा फिटर म्हणून. त्या काळी भट्टीत जळण ज्यावर जळतं ती जाळी बिडाच्या सळ्यांची असे. भुशाची राख मोठ्या आचेत वितळते आणि तिचे काचेसारखे गोळे होतात, त्यांना आम्ही खंगर म्हणतो. हा खंगर सळ्यांना चिकटायचा, सळ्या लाल होऊन वाकायच्या आणि हंगामाच्या मध्यात दोन-चार गळून पडायच्या. मग भट्टी विझवून माणूस आत शिरवायचा. भट्टी पुरती थंड व्हायला दोन दिवस लागतात आणि गिरणीवाले सहा तासही देत नसत. ओली पोती अंगावर घेऊन अच्युत आत गेलेला आहे, एकदा नाही, पंधरा-वीसदा. त्याच्या डाव्या गुडघ्यावर जाळीच्या सळीचा आडवा डाग अजून आहे.

त्यातूनच त्याच्या डोक्यात पाण्याच्या जाळीचं वेड आलं. कल्पना त्याची स्वतःची नव्हती. मोठ्या कारखान्यांत अशा जाळ्या होत्याच. पण गिरणीच्या छोट्या बॉयलरला परवडेल, आपला वेल्डर जोडू शकेल अशी जाळी इकडे कोणी केली नव्हती. सळ्यांऐवजी पाईप. पाईपांच्या मध्ये अरुंद पट्ट्या वेल्ड केलेल्या, पट्ट्यांना हवेसाठी भोकं. पाईपांतून बॉयलरचंच पाणी फिरतं, त्यामुळे जाळी कधी लाल होत नाही, खंगर तिला चिकटत नाही, आणि जाळीने घेतलेली उष्णता वाया न जाता पाण्यातच जाते. पहिल्या जाळीत त्याने पट्ट्या रुंद ठेवल्या आणि महिन्याभरात त्या मधोमध जळून गेल्या. पाईपपर्यंत उष्णता पोचायला अंतर जास्त पडलं होतं. दुसरीत पट्टी अर्धी केली, ती टिकली. तोवर मालकांनी त्याला फिटरकीतून काढून ड्रॉइंगच्या खोलीत बसवलं होतं. रात्रीच्या वर्गांना जाऊन डिप्लोमा त्याने नंतर केला.

या जाळीला पंप नसतो. पाणी आपोआप फिरतं, आणि ते फिरावं म्हणून जाळी तिरकी ठेवावी लागते. बॉयलरमधून एक जाड पाईप खाली उतरतो, जमिनीलगत चरातून येतो आणि जाळीच्या खालच्या टोकाला पाणी आणून देतो. पाणी जाळीत तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे चढावर जातात आणि वरच्या टोकाच्या पाईपातून पुन्हा बॉयलरमध्ये. मला समजावताना अच्युत तळहात तिरका धरायचा. "भाऊ, वाफेले फक्त वर जाता येते. तिले खाली जा म्हणून सांगाल तर ती तिथंच बसून राहील. आन् ती जिथं बसली तिथं पाणी नाही. आन् पाणी नाही तिथं पाईप किती वेळ टिकन?" मग तो तळहात सपाट करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्यावर टिचकी मारायचा. पाईप फुटला की आतलं सगळं पाणी एका क्षणात वाफ होऊन भट्टीच्या दारातून जाळासकट बाहेर येतं. दारापाशी भट्टी सांभाळणारा फायरमन उभा असतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे नरेशबाबूंचं काम आलं. खरोऱ्याच्या रस्त्याला त्यांची नवी गिरणी होत होती. ड्रॉइंग झालं, सरकारी मंजुरी आली, बॉयलरचा पाया आणि चिमणीही झाली. मग त्यांचा वास्तूवाला येऊन पाहून गेला आणि म्हणाला की भट्टीत जळण घालणाऱ्याचं तोंड पूर्वेला पाहिजे. स्वयंपाकघरात असतं तसं. आमच्या ड्रॉइंगप्रमाणे ते पश्चिमेला येत होतं.

हे आम्हाला नवीन नव्हतं. पूर्वी अशी मागणी आली की सबंध बॉयलरच फिरवून बसवत असू. इथे चिमणी आणि वाफेची लाईन आधीच झाली होती, म्हणून वरचा बॉयलर तसाच ठेवून फक्त खालची भट्टी फिरवायची असं भार्गवने ठरवलं. भार्गव म्हणजे आमच्या मालकांचा मुलगा. नागपूरला इंजिनिअरिंग शिकून आलेला, हुशार, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत देतो.

"अंकल, सिर्फ मिरर मारना है," तो अच्युतला म्हणाला. "कंप्यूटर में दो मिनट का काम है।"

"भट्टी म्हणजे फोटो आहे काय फिरवायले?" अच्युत म्हणाला.

"तो फिर आप ही वास्तुवाले को समझा दो।"

अच्युत चिडला. चिडला की तो बोलत नाही, चालतो. त्या दिवशी तो शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा गेला कोण जाणे. संध्याकाळी बदललेले कागद टेबलावर आले तेव्हा त्याने उभ्या-उभ्या सह्या केल्या आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी नोंद केली, प्रत्येक कागदावर 'कामासाठी मंजूर' असा शिक्का मारला आणि फाईल बंद केली.

त्यानंतर त्याचं काहीतरी बिनसलं. दर दोन दिवसांनी माझ्याकडे येऊन तो नरेशबाबूंची फाईल मागायचा, उघडायचा, बंद करायचा. मी विचारलं, "काय शोधून राहिलास?" तर म्हणाला, "माहीत असतं तर सापडलं नसतं का?" माल रवाना झाला, तिकडे जोडणी झाली, पाण्याचा दाब देऊन चाचणी झाली, एक थेंब गळला नाही. रमाने मला बाजारात गाठून सांगितलं की हे झोपेत पाय हलवून राहिले आहेत.

ऑक्टोबरच्या शेवटी भट्टीच्या नव्या विटा सुकवायला तीन दिवस लाकडाचा मंद जाळ झाला आणि चौथ्या दिवशी भुशावर पूर्ण आग द्यायचा मुहूर्त ठरला. दाखल्यांची फाईल गिरणीच्या स्वाधीन करायची म्हणून मला जायचं होतं. अच्युतचं काही काम नव्हतं. तरी सकाळी सात वाजता तो जीपमध्ये माझ्या आधी बसलेला होता, आणि बसला होता म्हणजे दार उघडं ठेवून एक पाय पायरीवर.

गिरणीत मांडव होता, पूजा चालू होती. नरेशबाबू स्वतः सगळ्यांना प्रसाद देत होते. टाक्यांमध्ये चाळीस टन धान आदल्या संध्याकाळपासून भिजत होतं. भिजलेलं धान थांबत नाही. वेळेवर वाफ मिळाली नाही तर आंबतं आणि तांदळाला वास येतो. तो वास मग कितीही पॉलिश केलं तरी जात नाही.

भट्टीपाशी हरिदास होता. गुढ़ियारीचा, पन्नाशीचा फायरमन, आमच्याच कारखान्याने नरेशबाबूंना मिळवून दिलेला. आरती झाल्यावर त्याने पंखा चालू केला आणि भूसा सोडला. आगीचा आवाज बदलला. वाफेचा काटा हलू लागला तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अच्युत भट्टीच्या मागच्या बाजूला गेला. मी फाईल घेऊन त्याच्या मागे. तिथे चरातून येणारा जाड पाईप भिंतीत शिरत होता. त्याने हातरुमाल ओला केला, पाईपवर ठेवला आणि त्यावर तळहात.

"भाऊ, इथं हात लावा."

मी लावला. पाईप आतून ठोकल्यासारखा हादरत होता. ठक, मग शांत, मग दोनदा ठक-ठक.

"हा पाणी आणणारा पाईप आहे. हा गप्प पाहिजे." तो धावतच पुढच्या बाजूला गेला आणि वर जाणाऱ्या पाईपाला हात लावून परत आला. "आन् तो बोलायले पाहिजे, तर तो मुका आहे. फाईल द्या."

फाईल त्याने जमिनीवरच पसरली. जाळीचा कागद आणि पाईपांचा कागद शेजारी-शेजारी ठेवला. जाळीचा कागद फिरवलेला होता. पाईपांचा नव्हता. पहिल्यावर दुरुस्ती क्रमांक दोन, दुसऱ्यावर एक. दोन्हींवर अच्युतची सही, दोन्हींवर माझा शिक्का, तारीख तीच. जाळी उलटी झाली होती आणि पाईप जागच्या जागी राहिले होते. जोडणाऱ्यांनी कागदात होतं तसं जोडलं. जमिनीतून येणारा पाईप जाळीच्या वरच्या टोकाला लागला होता. म्हणजे वर चढलेल्या वाफेला बाहेर पडायचं तर आधी खाली, जमिनीकडे उतरावं लागणार होतं.

पाण्याच्या चाचणीत हे कळणारच नव्हतं. थंड पाण्याला आपण कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

अच्युत उठला आणि भार्गवकडे गेला. भार्गवने त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

"आग काढायची," अच्युत म्हणाला.

"अंकल, टेस्ट पास है। इंस्पेक्टर साहब का साइन है।"

"त्यांनी कागद पाहिला. कागद माझा चुकला आहे."

"धीरे बोलिए।" भार्गवने मांडवाकडे पाहिलं. "आज चलने दीजिए। आठ दिन बाद शटडाउन लेकर बदल देंगे। लो फायर पर चलाएँगे।"

"चाळीस टन धानाले लो फायरवर कोण शिजवते? दुपारी यांना वाफ कमी पडली की हरिदासले म्हणतील भूसा वाढव."

नरेशबाबू आलेच. कोणीतरी कुजबुजल्याशिवाय मालकांना अशा गोष्टी कळत नाहीत. अच्युतने त्यांना तेच पुन्हा सांगितलं, सगळ्यांसमोर, हिंदीत, कुणावर न ढकलता. नक्शा मेरा है, गलती मेरी है. नरेशबाबूंचा चेहरा उतरला. "खिरवडकरजी, मेरा माल भीगा पड़ा है। पूजा हो गई। अब बोल रहे हो? फटा तो नहीं ना कुछ?"

"अजून नाही."

"फिर?"

किती तासांनी, कुठला पाईप फुटेल, हे अच्युतला सांगता येत नव्हतं. तो ते सांगायचा प्रयत्न करत होता आणि शब्द सापडत नव्हते, हात मात्र तिरके-सपाट होत होते. तेवढ्यात हरिदास भट्टीच्या दारापासून सरकून आमच्यात आला. घाम पुसत छत्तीसगढीत म्हणाला, "साहब, बड़े-बड़े बात ला छोड़ो। मोला एके बात बताओ। ए दुआरी के आगू मैं खड़े रहँव के नहीं?"

"दारापुढे नको," अच्युत म्हणाला. "तू खडा मत रह।"

"हव," हरिदास म्हणाला. जाऊन त्याने भुशाचा खटका खाली ओढला. नरेशबाबू त्याच्यावर ओरडले, त्याने ऐकलं आणि पंखाही बंद केला. "मालिक, आप खड़े होहू त मैं चालू कर देथँव," एवढंच म्हणाला. कोणी उभं राहिलं नाही.

धान ट्रकांत भरून शेजारच्या दोन गिरण्यांत पाठवलं गेलं. शेवटची टाकी रिकामी होईपर्यंत तिसरा प्रहर झाला आणि त्या टाकीतल्या धानाला वास आला होताच. नरेशबाबू आमच्याशी त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी पाईप कापून सुलट जोडले. जोडताना भार्गवने जाळीचे पाईप दिवा लावून आतून-बाहेरून पाहिले. कुठे फुगवटा नाही, कुठे निळसर डाग नाही. तो अच्युतला लागेल असं बोलला नाही, पण एवढं म्हणाला, "कुछ हुआ तो नहीं था, अंकल।" गिरणी सुरळीत चालू झाली. त्यानंतर आठवड्याभरात कार्यालयात सूचना लागली की यापुढे जाळीची सर्व ड्रॉइंग नागपूरचे सल्लागार तपासतील आणि सही त्यांचीच राहील.

मला वाटलं अच्युत खचेल. सूचना लागली त्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. सूचनेबद्दल नव्हता आला.

"भाऊ, तोंड फिरवलेल्या भट्ट्या आणखी किती?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता, याची मला लाज वाटली. मी नोंदवह्या काढल्या. कंप्यूटर आल्यापासूनच्या चार वर्षांच्या. पत्रव्यवहारात जिथे जिथे वास्तू, पूर्व, दिशा असे शब्द होते ती पत्रं बाजूला ठेवली. पाच निघाल्या. पाचही वेळा सबंध बॉयलर फिरवला होता अशी माझी आठवण होती, पण माझी आठवण आणि माझा शिक्का यांची किंमत आता आम्हा दोघांनाही कळली होती.

भार्गवला कुणकुण लागली. त्याने मला बोलावून सांगितलं, "बड़े बाबू, पुराने ग्राहकों को जाकर डराना नहीं है।" मी बरं म्हणालो. नोकरीला लागलो तेव्हापासून मी मालकांना बरं म्हणूनच आलो आहे, आणि रविवारी अच्युतच्या मोटरसायकलवर मागे बसून आरंगला गेलो. पुढच्या रविवारी आणखी दोन. मग तिसऱ्या रविवारी चौथी. तिथले फायरमन ओळखीचे होते. अच्युत भट्टीच्या मागे जायचा, ओला रुमाल ठेवून पाईप पाहायचा, डोकं हलवायचा आणि चहा न घेता निघायचा. चारही ठीक होत्या.

पाचवी तिल्द्याच्या एका गिरणीची होती. ती गिरणी सुरू होण्याआधीच भावाभावांच्या भांडणात बंद पडली होती. बॉयलरला एकदाही आग लागली नव्हती. तिथे गेलो तर नुसता पाया. चौकीदार म्हणाला, दसऱ्याच्या आधी ट्रेलर आला, भट्टीसकट सगळं उचलून नेलं.

परतताना अच्युत गाडी इतकी जोरात हाकत होता की मी दोनदा खांद्यावर थाप मारली. "ते नवीन म्हणून विकलं आहे," तो वाऱ्यात ओरडून म्हणाला. "वापरलेलं असतं तर आतापर्यंत काही तरी दिसलं असतं. हे कोरं आहे. कोणी तरी पहिल्यांदा पेटवेल."

त्याचा माग काढणं हे मात्र मला येणारं काम होतं. एवढा बोजा हलवायचा तर भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांखेरीज कोण हलवणार? दोन दिवस मी एकेका कार्यालयात जाऊन बिल्ट्यांची, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्यांची, बाडं चाळली. चौथ्या ठिकाणी सापडली. माल तिल्दा ते बरगढ, ओडिशा. पाठवणार, अंजनाबाई, गुढ़ियारी.

अंजनाबाई जुनी मशिनरी घेते आणि विकते. नवऱ्यामागे वीस वर्षं तिनेच धंदा चालवला आहे. गुढ़ियारीच्या गोदामात ती मोटरींच्या ढिगात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली होती. आम्ही सांगितलं ते तिने ऐकून घेतलं.

"विकलेला माल आन् लगीन करून देल्ली पोट्टी, मागं वळून पाहात नाही मी."

"पोट्टीले सासरी जाळून राहिले असतील तरी?" अच्युत म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "जीभ हाय तुले. बस."

"उभाच बरा."

"काहून? खुर्ची चावते का?"

"त्याची खोड आहे," मी म्हणालो. "घरीही बसत नाही."

मालकाचा फोन तिने लावला, तो बंद होता. मग ट्रेलरच्या ड्रायव्हरला लावला, त्याच्याकडून तिथल्या फायरमनचा नंबर काढला आणि फोन स्पीकरवर करून मोटरीवर ठेवला. दुपारचे साडेतीन झाले असतील. पलीकडून एका माणसाने नाव सांगितलं, अर्जुन. बोलणं हिंदीत झालं, त्याची हिंदी थोडी ओडिया वळणाची होती. मी इथे मराठीत लिहितो.

मालक कटकला गेले होते, उद्या सकाळी येणार, आल्यावर पूजा आणि पहिला जाळ. जाळीवर लाकडं रचून तयार होती. बॉयलर पाण्याने भरलेला होता.

"तू भट्टीपाशी आहेस का?" अच्युतने विचारलं.

"आहे."

"एक बादली पाणी घे. भट्टीच्या दारातून जाळीवर हळूहळू ओत आणि बघ, पाणी कुठल्या बाजूला जातं."

"लाकडं भिजतील."

"एका कडेला ओत. दोन लाकडं भिजू दे."

अर्जुन काही तरी पुटपुटला. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज, मग नळाचा, मग बादलीच्या कडीचा. अंजनाबाईने गोदामातल्या पोरांना हाताने गप्प केलं. पाणी ओतल्याचा आवाज अगदी स्पष्ट आला.

"दाराकडे येतंय," अर्जुन म्हणाला. "माझ्या पायावर सांडलं."

म्हणजे जाळीचं खालचं टोक दाराशी होतं. अच्युतने श्वास घेतला. "आता असं कर. बॉयलरवरून एक जाड पाईप खाली उतरून जमिनीतून, चरातून येतो. तो भट्टीत कुठे शिरतो? दाराच्या बाजूला की मागे?"

"बघून सांगतो."

या वेळी तो बराच वेळ आला नाही. अच्युत मोटरींच्या मधल्या जागेत तीन पावलं जात होता आणि तीन पावलं येत होता. अंजनाबाई म्हणाली, "अरे एका जागी थांब, मले चक्कर येऊन राहिली," पण तिचं लक्ष फोनवरच होतं.

"मागे," अर्जुनचा आवाज आला. "जमिनीतून येतो आणि मागे शिरतो."

अच्युत थांबला. मी त्याला इतका स्थिर कधी पाहिला नव्हता.

"अर्जुन, आग लावू नकोस."

"असं कसं? मालक उद्या येणार. तुम्ही कोण?"

"ही भट्टी ज्याने काढली तो मी. पाईप उलटा लागला आहे. माझ्या कागदात उलटा काढला गेला. आग लावलीस तर जाळीचा पाईप फुटेल आणि तू दारासमोर असशील."

अर्जुन म्हणाला, "मालक मला विचारतील. मी काय सांगू, रायपूरहून कोणाचा फोन आला म्हणून? ते मला काढून टाकतील."

"खडू आहे का?"

"कोळसा आहे."

"भट्टीच्या दारावर लिही. मी सांगतो तसं." आणि त्याने आपलं नाव अक्षर-अक्षर सांगितलं, आडनाव दोनदा, मग मोबाईल नंबर, मग: इन्होंने मना किया है. "मालक आले की त्यांना ते दाखव आणि मला फोन लावून दे. मी आज निघतो. उद्या त्यांच्या आधी पोचेन."

"तुमच्या कारखान्याचं नाव लिहू?"

अच्युतने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्या नोकरीत माझे चार महिने उरले होते. त्याची आठ वर्षं होती.

"लिही," तो म्हणाला.

कोळसा पत्र्यावर घासल्याचा करकर आवाज आला. मग अर्जुन म्हणाला की लिहिलं.

"आता लाकडं बाहेर काढ."

"उद्या काढतो ना. आग तर लावत नाही."

"उद्या तुझ्या आधी कोणी तरी येईल, पूजेच्या घाईत काडी लावेल. आत्ता काढ. मी फोनवर आहे."

अर्जुनने उसासा टाकला. मग लाकडं पडू लागली. एकेक ओंडका फरशीवर आपटल्याचा आवाज, मध्ये त्याचा खोकला, पुन्हा ओंडका. अंजनाबाईने पोराला बरगढच्या गाडीची वेळ विचारून यायला पाठवलं आणि स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी एका कागदात बांधायला घेतली. मी रमाला फोन लावून सांगितलं की हा आज घरी येणार नाही. ती म्हणाली, "कुठं?" मी म्हणालो, ओडिशा. ती म्हणाली, "स्वेटर तरी द्या कोणी त्यांना," आणि फोन ठेवला.

"झालं," अर्जुन म्हणाला. धापा टाकत होता. "भट्टी रिकामी."

"आत हात घालून बघ," अच्युत म्हणाला. "मागच्या कोपऱ्यात."

भट्टीच्या आत हात फिरल्याची खरखर आली. मग लाकूड पडल्याचा आणखी एक आवाज आला.

"एक राहिलं होतं," अर्जुन म्हणाला.